दर महिन्याची उजळणी

नोकरीतले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. कपाटावर जुन्या पिशव्या साठतात तसे ते साठत जातात. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आमच्या उजळणी वर्गाचे किस्से मी बरीच वर्षं लोकांना हसवायला सांगत आले. लग्नघरात, बारशाला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. अलीकडे मात्र सांगता सांगता मध्येच थांबते. हसायच्या जागा त्याच आहेत, पण तिथं पोचलं की ज्यांचा किस्सा आहे ती माणसं समोर येऊन उभी राहतात आणि मग हसू येत नाही.

आधी वर्ग म्हणजे काय ते सांगते. मी नर्स होते. पेठच्या पलीकडे डोंगरातल्या एका उपकेंद्रावर माझी नेमणूक होती. माहेर नाशिक रोडच्या वसाहतीतलं, वडील रेल्वेत फिटर. खेड्यापाड्यांत डॉक्टरच्या हाताखाली, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा डॉक्टरशिवायच, काम करणारे आमच्यासारखे जे लोक होते त्यांना महिन्यातून एकदा नाशिकला बोलवायचे. एका सरकारी दवाखान्याच्या मागं पत्र्याचा हॉल होता, तिथं वर्ग भरायचा. कागदोपत्री त्याचं नाव 'पुनर्शिक्षण' होतं. आम्ही उजळणी म्हणायचो. विषय रोजचेच. ताप, खोकला, हगवण, खरूज, साप-विंचू.

शिकवायला डॉक्टर टिपणीस. उंच, जाड भिंगाचा चष्मा, आणि कोटाच्या खिशात कायम खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. बोलताना निम्मं इंग्रजी बोलायचे आणि मग लक्षात आलं की तेच वाक्य परत मराठीत म्हणायचे, त्यामुळे प्रत्येक गोष्ट आमच्या कानावरून दोनदा जायची.

शेवटच्या बाकावर आम्ही चौघं. नामपूरचे पोपट अहिरे, आरोग्य सेवक, घरी अहिराणी बोलणारे आणि रागावले की वर्गातही. मालेगावचे इस्माईलभाई, मागावर काम करणाऱ्या घरातले, आमच्यात सगळ्यांत थट्टेखोर. मनमाडच्या कुसुमताई, आमच्यात सगळ्यांत मोठ्या, कडक, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या. आणि मी, सिंधू गांगुर्डे. पहिल्या दिवशी जागा नव्हती म्हणून मागं बसलो आणि पुढची दहा-बारा वर्षं तिथंच बसलो.

*

पहिलाच वर्ग तापाचा होता. डॉक्टरांनी विचारलं, तापाचा पेशंट आला तर आधी काय कराल? कुणी गोळी म्हणालं, कुणी थंड पाण्याच्या पट्ट्या, कुणी बोटाचं रक्त घेऊ म्हणालं.

अहिरे उठून म्हणाले, "आधी बैलांना पाणी दाखवू."

हॉल हसला. अहिरे गोंधळले नाहीत. त्यांनी सांगितलं की आमच्याकडे आजारी माणूस बैलगाडीतून येतो. बैल उन्हात उभे राहतात. इकडे आपण थर्मामीटर लावून बसतो आणि तिकडे माणसाचा जीव बैलांत अडकलेला. मग तो गोळी न घेताच निघून जातो. बैल पाणी प्यायले की माणूस निवांत बसतो.

डॉक्टर टिपणीसांना हे इतकं आवडलं की त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर 'फिव्हर' असं लिहून खाली पहिला मुद्दा घातला, बैलांना पाणी. दुसरा मुद्दा लिहायला हात उचलला, तेवढ्यात दार उघडून वरिष्ठ अधिकारी आत आले. तपासणीला आले होते. फळ्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हा वर्ग जनावरांच्या दवाखान्याचा आहे का?"

डॉक्टरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण साहेबांना घाई होती. त्या वर्षी टिपणीसांची बढती हुकली. ती या फळ्यामुळंच हुकली असं आम्ही म्हणायचो. खरं काय ते कुणाला ठाऊक? त्यांनी मात्र तापाच्या वर्गात पहिला मुद्दा कधी बदलला नाही.

*

सापाचा किस्सा माझ्याकडचा आहे.

साप चावण्यावरच्या वर्गात डॉक्टरांनी सांगितलं होतं की शक्य झालं तर साप कसा होता ते नीट बघून ठेवायला सांगा, म्हणजे उपचार ठरवता येतो. मी ते पाड्यांवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. आमच्या भागातून नाशिकला यायचं म्हणजे पेशंटला डोलीत घालून चार माणसांनी रस्त्यापर्यंत चालायचं आणि मग घाट ओलांडणारी एसटी मिळाली तर मिळाली. डोलीला सगळा दिवस लागायचा.

पावसाळ्यातल्या एका वर्गाला मी हॉलमध्ये बसले होते. दारात लहानू गावित उभा. आमच्याच पाड्यावरचा, भातशेती करणारा, कमी बोलणारा माणूस. भिजलेला, डोक्यावर पोतं आणि हातात फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, पहाटे बायकोला साप चावला. मी उठलेच. विचारलं, कुठं आहे ती? तर म्हणाला, घरी.

"मग हे काय?"

"साप."

पुढच्या दोन ओळी रिकाम्या झाल्या. लहानूनं मडकं टेबलावर ठेवलं. त्याचं म्हणणं असं होतं की चार माणसांनी लावणी सोडून तिला आणायची आणि साप साधा निघाला तर काय? त्यापेक्षा आधी साप दाखवावा. मडकं मांडीवर घेऊन तो भरल्या एसटीतून आला होता. कंडक्टरनं विचारलं तेव्हा दही आहे म्हणाला.

डॉक्टरांनी दवाखान्यातल्या एका जाणत्या माणसाला बोलावलं. त्यानं फडकं जरा सरकवून पाहिलं. धामण. बिनविषारी. डॉक्टरांनी लहानूला सांगितलं, बायकोला काही होणार नाही, जखम धुवून घे, बास. लहानूनं मान डोलावली आणि मडकं परत उचललं. साप इथंच सोड, असं कुणीतरी म्हणालं. तो म्हणाला, "आमचे शेतातला हाय. इथं कुठं जाईल तो?"

आणि घेऊन गेला.

हॉल किती तरी वेळ हसत होता. डॉक्टर मात्र हसले नाहीत. लहानू गेला त्या दाराकडं बघत ते म्हणाले, "आणि तो नाग असता तर?" एवढा घाट ओलांडून तो विचारायला येणार, परत जाणार, मग डोली निघणार. आमच्या उपकेंद्रात सापाच्या विषावरचं औषध ठेवायची व्यवस्था त्यानंतरही किती तरी वर्षं नव्हती. डॉक्टरांनी त्यासाठी वर विचारणा केली होती. मीही करायची. पावसाळा आला की मी पाड्यावरच्या प्रत्येक हाकेला दचकायची.

*

छाती तपासायला शिकलो तो किस्सा सांगते.

छातीतले आवाज ओळखायला शिकायचं तर छाती पाहिजे. डॉक्टर आम्हाला वॉर्डात न्यायचे. तिथं देवळ्याकडचे कोंडाजीबाबा होते. कांद्याची शेती, मुलं कामाला लागलेली, आणि स्वतः दम्यानं इतके थकलेले की महिन्यातले बरेच दिवस दवाखान्यातच असायचे. त्यांच्या छातीत पुस्तकात असतील नसतील तेवढे सगळे आवाज होते. डॉक्टरांनी त्यांना विचारून घेतलं होतं. बाबा स्वतःच सदरा वर करून बसायचे.

एकच स्टेथोस्कोप, आणि आमची ही रांग. बाबांना आमच्यापेक्षा जास्त माहिती झाली होती. कुणी चुकीच्या जागी लावलं की म्हणायचे, "तिथं नाय, खाली. शिट्टी खाली वाजते." नवीन मुलगी घाबरून हळूच टेकवायची तर म्हणायचे, "दाब की. फुटणार नाय मी."

एकदा सगळ्यांचं ऐकून झालं. बाबा सदरा खाली करता करता म्हणाले, "इतकी वर्सं सगळे ऐकत्यात. मला कोनी सांगत नाय काय ऐकू येतं ते."

सांगणार काय? इस्माईलभाई पुढं झाले. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, नळ्या बाबांच्या कानात घातल्या आणि दुसरं टोक बाबांच्याच छातीवर धरलं. म्हणाले, "लो बाबा, आप खुद सुनो."

बाबांनी डोळे मिटले. खूप वेळ ऐकलं. आम्हाला वाटलं झोपले की काय. मग त्यांनी नळ्या काढल्या आणि म्हणाले, "आरं, हे तर माझ्या विहिरीवरचं इंजिन. पानी तळाला गेलं ना, का असंच वाजतं. निस्ती हवा ओढतं."

आम्ही हसलो. बाबाही हसले आणि हसता हसता त्यांना उबळ आली. कुसुमताईंनी त्यांची पाठ धरली.

पुढच्या महिन्यात आम्ही वॉर्डाकडं निघालो तर डॉक्टर आडवे आले. म्हणाले, आज त्वचारोग घेऊ, हॉलमध्येच बसा. वहीत छातीचा विषय अर्धा राहिला होता. कोंडाजीबाबांचं कुणी विचारलं नाही.

*

अहिरेभाऊंचा किस्सा दोन भागांत आहे. पहिला भाग अजून लोक सांगतात.

आणीबाणीत काही महिने आमच्या वर्गात कुठलाच आजार शिकवला नाही. फळा कोरा असायचा. वेगवेगळे साहेब यायचे आणि एकच विषय, नसबंदी. तुमच्या गावातून किती माणसं आणली, का आणली नाहीत. टिपणीस डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत चष्मा पुसत बसायचे. अहिरेंना साहेब उभं करून बोलायचे, कारण नामपूरकडची माणसं सापडायची नाहीत.

ते दिवस संपले. वर्ग पुन्हा खोकल्या-तापावर आला. मग एकदा अहिरे लसीची पेटी सायकलला लावून मोसम नदीच्या काठानं एका गावी गेले. लहान मुलांना टोचायची साधी लस. गावात शिरले तर एकही माणूस नाही. चुली पेटलेल्या, तव्यावर भाकरी तशीच, आणि घरं मोकळी. त्यांची सायकल लांबून दिसली, पुन्हा नसबंदीवाले आले असं वाटलं आणि सगळं गाव लेकरं उचलून उसात जाऊन बसलं होतं.

एका ओट्यावर एक म्हातारी तेवढी राहिली होती. तिला चालता येत नव्हतं. अहिरेंनी विचारलं, गाव कुठं गेलं? तिनं सांगितलं, गावमा कोनीच नई शे. मग अहिरेंच्या पेटीकडं बघितलं, दंडावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाली, "मनं आते काय कापशी रे भाऊ? टोच तुनी सुई."

अहिरेंनी हे वर्गात म्हातारीच्या आवाजात सांगितलं. टिपणीस डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढं कुणी आडमुठा पेशंट भेटला की आम्ही एकमेकांना म्हणायचो, टोच तुनी सुई.

दुसरा भाग अहिरेंनी वर्गात सांगितला नाही. बऱ्याच दिवसांनी एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये आम्हा तिघांना सांगितला. त्या गावात थंडीत घटसर्प आला. लेकरांचे घसे धरले. त्यांनी जी लस नेली होती ती त्याच्यावरचीच होती. अहिरे परत गेले तेव्हा या वेळी कुणी उसात पळालं नाही. उलट ज्यांची लेकरं गेली होती ती माणसं त्यांच्या सायकलीला आडवी आली आणि म्हणाली, आधी का नाही आलास?

"काय सांगू त्यांना?" अहिरेंनी आम्हाला विचारलं. "मी आलो होतो म्हणून सांगू?"

समोरचा चहा त्यांनी तसाच ठेवला आणि नामपूरची गाडी लागली म्हणून उठले.

*

इस्माईलभाईंना सगळ्याच गोष्टीत गंमत दिसायची. वर्गाला यायला निघाले की घरी सांगून यायचे, चला, स्कूलला जातो. साहेबांच्या नकला करायचे. डॉक्टर इंग्रजी वाक्य बोलले की ते मराठीत येण्याआधी इस्माईलभाई मागच्या बाकावर त्याचं भलतंच भाषांतर करून मोकळे व्हायचे.

क्षयाचा वर्ग होता. रमजान चालू होता, इस्माईलभाईंचे रोजे होते. डॉक्टर लक्षणं सांगत होते. बरेच दिवस न थांबणारा खोकला, असं ते म्हणाले आणि मागून इस्माईलभाई खोकले. हॉलमध्ये खसखस पिकली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी बारीक ताप. पुन्हा खोकला. पुन्हा हशा. वजन कमी होणं, असं म्हटल्यावर इस्माईलभाईंनी पँटचा पट्टा ओढून दाखवला, केवढा सैल झालाय ते. आता तर पुढच्या ओळीतलेही मागं वळून हसायला लागले.

डॉक्टर स्वतः हसत होते. म्हणाले, "इस्माईल, प्रात्यक्षिक पुरे."

"क्या करूं साब, रोजे चल रहे हैं," इस्माईलभाई म्हणाले.

पुढच्या वर्गाला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मग मालेगावहून आलेल्या एका नर्सनं सांगितलं की त्यांच्या छातीचा फोटो काढला, दोन्ही बाजूंना डाग आहेत, इंजेक्शनं चालू झाली आहेत.

तो खोकल्याचा, हशाचा वर्ग मला आठवतो. पन्नासेक माणसं होती, सगळी आजार ओळखायला शिकणारी. टेबलावर स्टेथोस्कोप पडला होता. फळ्यावर लक्षणं लिहिलेली होती. ही बातमी आली त्या दिवशी डॉक्टर टिपणीस खुर्चीत बसले, खिशातली पुडी त्यांनी बाहेर काढली नाही आणि काहीच शिकवलं नाही. त्यानंतर प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला ते आम्हाला एक मिनिट एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लावायचे.

वर्षाहून अधिक काळ गेला आणि इस्माईलभाई आले. बरे झाले होते, पण सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. आम्ही बाकावर जागा केली, तर ते लांब खिडकीपाशी जाऊन बसले. नेमका त्याच दिवशी क्षयाचा पाठ फिरून आला होता. डॉक्टर विषय बदलणार होते. मग त्यांनी काय विचार केला कुणास ठाऊक, खडू पुढं केला आणि म्हणाले, "इस्माईल, आज तुम्ही शिकवा."

इस्माईलभाई फळ्याजवळ गेले. आम्ही वह्या उघडल्या. पुढच्या ओळीत काही नवीन पोरी होत्या, त्यांच्याकडं बघून त्यांनी सांगितलं, "लिहून घ्या. पहिलं लक्षण. सगळे हसतात."

त्या पोरींनी ते खरंच लिहून घेतलं.

*

पाऱ्याचं नवीन बीपीचं मशीन आलं त्या दिवशी वर्गात जत्रा होती. लाकडी पेटी, चकचकीत काच. डॉक्टरांनी आम्हाला दंडाला पट्टा कसा बांधायचा, पारा कसा चढवायचा, कान कुठं द्यायचा ते दाखवलं आणि म्हणाले, एकमेकांचं घ्या. सोबत रक्तदाबावर भाषण. मीठ कमी करा, पापड-लोणचं कमी करा. बोलता बोलता हात खिशात आणि शेंगदाणे तोंडात.

शेवटी कुणीतरी म्हणालं, आता डॉक्टरांचं घ्या. कुसुमताई पुढं झाल्या. त्यांनी पारा चढवला, सोडला, थांबल्या. पुन्हा चढवला. मग दुसऱ्या दंडाचं घेतलं. आकडा सांगायच्या ऐवजी त्या डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "जरा जास्त दाखवतंय."

डॉक्टरांनी वाकून स्वतः बघितलं. म्हणाले, "मशीन नवं आहे. प्रवासात हललं असेल."

त्यांनी ते दुरुस्तीला पाठवलं. थोड्या दिवसांनी ते परत आलं, काही बिघाड नाही अशी चिठ्ठी घेऊन. तरी डॉक्टर वर्गात सांगायचे, या मशीनवर फार विश्वास ठेवू नका. कुसुमताई दर महिन्याला म्हणायच्या, पुन्हा एकदा घेऊ या का? ते म्हणायचे, पुढच्या वेळी.

निवृत्त व्हायच्या आधीच डॉक्टरांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आम्ही चौघं त्यांच्या घरी भेटायला गेलो. डॉक्टरांच्या पत्नींनी चहा केला. डॉक्टर आरामखुर्चीत होते, चष्मा नाकावरून घसरलेला. आम्ही काहीबाही बोलत होतो. अहिरेंनी कांद्याचं कसं आहे ते सांगितलं, मी घाटातल्या रस्त्याचं. ते ऐकत होते.

निघताना कुसुमताई त्यांच्या पाया पडायला वाकल्या. डॉक्टरांनी डाव्या हातानं त्यांना थांबवलं. ओठ जुळवायला त्यांना फार वेळ लागला. प्रत्येक शब्द वेगळा वेगळा आला.

"मशीन... बरोबर... होतं."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी आम्हाला विचारलं, कसलं मशीन म्हणताहेत हे? आम्ही म्हटलं, वर्गातलं एक जुनं.

*

आता जो सांगते तो डॉक्टर आजारी पडायच्या आधीचा आहे, पण माझ्या मनात तो शेवटीच येतो.

कुसुमताई मनमाडला एका दवाखान्यात होत्या. त्यांचे मालक रेल्वेत होते. त्या कधी घरचं बोलायच्या नाहीत. त्यांना एक मुलगी होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच आम्हाला माहीत. कशानं गेली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कामात मात्र त्यांच्यासारखी बाई नव्हती. जे शिकवलं ते तंतोतंत पाळायच्या आणि आयांनाही पाळायला लावायच्या. आम्हाला सगळ्यांना नोकरीच्या सुरुवातीला एक नियम शिकवला होता. मुलाला हगवण लागली की खाणं बंद, पाणी बंद. पोटाला विश्रांती द्यायची. पाणी घातलं की जुलाब वाढतात. मुलाच्या जिभेला कोरड पडली तर ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे, बस्स. आम्ही ते घरोघर सांगितलं होतं.

त्या दिवशी डॉक्टर हॉलमध्ये आले ते मोठी कळशी, पेले, मिठाची वाटी आणि साखरेचा डबा घेऊन. इस्माईलभाई म्हणाले, आज स्कूलमध्ये सरबत दिसतंय. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, हगवणीचं आजवर जे सांगितलं ते विसरा. मूल जुलाबानं मरत नाही, अंगातलं पाणी गेल्यानं मरतं. पाणी बंद करायचं नाही. मीठ-साखर घालून पाजायचं, घोट घोट, मूल मागेल तेवढं आणि नाही मागितलं तरी.

हॉलमध्ये गलका झाला. अहिरे म्हणाले, लोक आता आमचं ऐकणार नाहीत, कालपर्यंत उलटं सांगत होतो. कुणी विचारलं, मग आधी का शिकवलं तसं? डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, तेव्हा आम्हालाही तसंच शिकवलं होतं. मग म्हणाले, "आजीबाया मीठ घालून पेज पाजायच्या. त्यांचं बरोबर होतं. आपण ते बंद करायला लावलं."

इतर वेळी पहिला प्रश्न कुसुमताई विचारायच्या; त्या दिवशी त्या कळशीकडं बघत राहिल्या.

डॉक्टरांनी सगळ्यांना एकेक पेला दिला. किती पाण्याला किती साखर, किती चिमूट मीठ, ते दाखवलं आणि म्हणाले, स्वतः बनवा आणि चव बघा. फार खारट झालं तर मुलाला अपाय होतो. आईला हे हातानं करून दाखवता आलं पाहिजे. आम्ही बनवलं. एकेक घोट घेतला, एकमेकांचं चाखलं. इस्माईलभाईंचं फार गोड झालं होतं, त्यावरून थट्टा झाली.

कुसुमताईंनी सावकाश बनवलं. साखर विरघळेपर्यंत ढवळलं. पेला उचलला, तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. उभ्यानं, डोळे मिटून, सगळा पेला प्यायल्या. मग त्यांनी कळशीतून पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा साखर-मीठ घातलं, पुन्हा ढवळलं आणि तोही पेला तसाच संपवला. त्या तिसरा भरायला लागल्या तेव्हा डॉक्टर जवळ गेले आणि म्हणाले, "ताई, चवीपुरतं घ्यायचं होतं."

कुसुमताईंनी पदरानं तोंड पुसलं.

"माझी शोभा सारखी पाणी मागत होती, डॉक्टर."